सोसायटीत उभ्या ईव्हीची नासधूस: विमा काय देतो, खिशातून काय जातं? (इंदूर)

सुदामानगर_०९

नमस्कार मंडळी. सुदामानगरातल्या बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगमध्ये उभ्या ईव्हीची रात्रीतून कोणीतरी मुद्दाम नासधूस केली आहे. नुकसान असं:

डावीकडे पुढच्या दारापासून मागच्या फेंडरपर्यंत किल्लीनं ओढलेली लांब रेघ, ती मागच्या बंपरच्या कोपऱ्यावरही गेली आहे. डावा टेललॅम्प फुटला. चार्जिंग पोर्टचं झाकण उपटून आत काहीतरी चिकट कोंबलं आहे. डाव्या बाजूची दोन्ही टायरं बाजूनं कापली आहेत. भिंतीवरच्या ७.२ किलोवॉट चार्जरची केबल गनसकट (गाडीत लावायच्या प्लगसकट) कापून नेली.

गाडी अडीच वर्षांची. पॉलिसी पॅकेज, म्हणजे ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीचं नुकसान) आणि थर्ड पार्टी (दुसऱ्याचं नुकसान) दोन्ही. झिरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) नाही, बॅटरीचं वेगळं कव्हर नाही, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) २५ टक्के.

सगळ्याचा एकच क्लेम करावा, की रंगकाम स्वतः करून बाकीचाच करावा? टायरचे पैसे मिळतात का? चार्जरची केबल गाडीच्या विम्यात बसते का? आणि पुढच्या वर्षी हप्ता किती वाढेल? ईव्ही म्हणून काही वेगळं लागतं का, तेही सांगा.

क्लेमचा_कागद

दादा, आधी एक काम: गाडी चालू करू नका आणि दुसऱ्या चार्जरला लावून "चालतंय का" बघू नका. पोर्टमध्ये चिकट माल असताना प्लग घुसवला की पिना वाकतात, आणि मग सर्व्हेअरला (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याला) म्हणायला जागा मिळते की हे नुकसान नासधुशीचं नाही, नंतरच्या वापरानं झालेलं आहे. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीप्रमाणे मालकाची जबाबदारी असते. पोर्टवर कोरडं स्वच्छ फडकं ठेवा, वरून प्लॅस्टिक, कडेनं कागदी टेप. बस, तेवढंच.

फोटो असे काढा: नंबर प्लेट दिसेल असे चारही कोपरे, मग प्रत्येक जखम दोनदा, एकदा लांबून आणि एकदा पट्टी शेजारी धरून जवळून. टायरचा काप, पोर्टची आतली बाजू, भिंतीवरचं केबलचं तुटलेलं टोक. जमिनीवर पडलेले लॅम्पचे तुकडे झाडून टाकू नका, पिशवीत ठेवा. तो प्रकार तिथंच घडला याचा तो पुरावा आहे. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या. सर्व्हे होईपर्यंत एकही भाग खोलू देऊ नका.

आता पैशांचं. पॅकेज पॉलिसीच्या ओन डॅमेज भागात आग, चोरी, दंगल-संप, पूर यांच्याच रांगेत "मॅलिशिअस ॲक्ट" हे स्वतंत्र कारण छापलेलं असतं. तुमचा क्लेम त्यात बसतो. नुसती थर्ड पार्टी असती तर यातलं काहीच मिळालं नसतं.

टायरचा नियम नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथंच फसतात. नेहमीच्या पॉलिसीत नुसती टायरं कापली गेली तर काही मिळत नाही. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच टायर-ट्यूबच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळतं. तुमच्या बाबतीत दारं, लॅम्प, पोर्ट, टायर हे सगळं एकाच रात्रीचं आहे, म्हणून एकच क्लेम हवा. टायरचा वेगळा अर्ज केलात तर ते पैसे गेलेच समजा.

घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची कपात, असा कापतात. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग यांच्यावर ५० टक्के. काचेवर शून्य. फायबरग्लासवर ३० टक्के. बाकीच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत शून्य, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, आणि पुढं दहा वर्षांपर्यंत ४०. रंगकामात फक्त मालाच्या किमतीवर ५० टक्के कापतात. बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग माल धरतात. मजुरीवर घसारा नाही.

हिशोब करून दाखवतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्या वर्कशॉपचं एस्टिमेट आलं की ते घाला. दोन दारं, फेंडर आणि बंपर यांचा रंग २४,००० रुपये: त्यातला माल ६,०००, कपात ३,०००. टेललॅम्प १४,०००: प्लॅस्टिक म्हणून ७,००० गेले. दोन टायरं १८,०००: त्यातले ९,००० गेले. मजुरी ९,०००, ती पूर्ण. राहिला चार्जिंग इनलेट (गाडीतलं पोर्ट) त्याच्या हाय व्होल्टेज हार्नेससकट (केबलच्या जुडग्यासकट), ४०,००० धरा. इथं खरी ओढाताण होते. सर्व्हेअरनं तो "प्लॅस्टिक" रकान्यात टाकला तर २०,००० कापले जातील. वायरिंग हार्नेस म्हणून गाडीच्या वयाप्रमाणे धरला तर १५ टक्के, म्हणजे ६,०००. एकूण बिल १,०५,०००. कंपल्सरी डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये मालकानं सोसायची ठरलेली रक्कम) १,००० किंवा २,०००, जे पॉलिसीच्या पानावर असेल ते. २,००० धरले तर पहिल्या पद्धतीनं हातात ६४,००० येतात, दुसऱ्या पद्धतीनं ७८,०००. एका भागाच्या नावावर १४,००० रुपयांचा फरक!

म्हणून एस्टिमेटमध्ये "चार्जिंग सॉकेट" असं मोघम लिहू देऊ नका. पार्ट नंबर आणि "हाय व्होल्टेज हार्नेस, इनलेटसह" असं पूर्ण नाव हवं. सर्व्हेअर आल्यावर कुठला भाग कुठल्या रकान्यात धरला हे तिथंच विचारा आणि ईमेलवर लिहून मागा. अहवाल कंपनीकडे गेल्यावर वाद घालणं फार जड जातं.

एनसीबीचं गणित पुढच्या पोस्टमध्ये टाकतो.

क्लेमचा_कागद

एनसीबी. पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. एक क्लेम झाला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, मग पुन्हा पहिल्या पायरीपासून. लोक फक्त पुढच्या एका वर्षाचं नुकसान मोजतात, पण ते पाच वर्षं चालतं.

तुमचं: क्लेम न करता पुढं मिळालं असतं ३५, ४५, ५०, ५०, ५०. क्लेम केल्यावर मिळणार ०, २०, २५, ३५, ४५. दरवर्षीचा फरक ३५, २५, २५, १५, ५. बेरीज १०५ टक्के. म्हणजे एका वर्षाच्या पूर्ण ओन डॅमेज हप्त्याहून थोडं जास्त. हप्ता सवलतीआधी १८,००० असेल तर १८,९००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २२,३०२. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी घसरते, त्याबरोबर हप्ताही उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात २० हजारांच्या खालीवर धरा.

हाच हिशोब नव्या गाडीला, जिथं एनसीबी अजून शून्य आहे, फक्त ५० टक्के येतो. आणि ज्याची एनसीबी ५० वर पोचली आहे त्याला १२५ टक्के. हा फरक पाहूनच ठरवायचं असतं.

आता नुसती दारं-फेंडरवरची रेघच असती तर? तीन पॅनेलचं रंगकाम १८,०००. कपात २,२५०, डिडक्टिबल २,०००. हातात १३,७५०. त्यासाठी वीस हजारांची सवलत घालवणं म्हणजे तोटा. तिथं मी क्लेम करू नका असंच सांगितलं असतं. पण पोर्ट आणि हार्नेस आले की प्रश्न संपला, क्लेम कराच. ईव्हीमध्ये हीच एक रेष आहे: नारंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबलपर्यंत नुकसान पोचलं असेल तर क्लेम, पत्र्यापुरतं असेल तर आधी हिशोब.

आणि एकदा क्लेम करायचाच ठरला की रंगकाम बाहेर ठेवण्यात काही फायदा नाही. एनसीबी जायची ती एका रुपयाच्या क्लेमनंही जाते.

एनसीबी प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन असेल तर सवलत वाचते, पण कंपनी मूळ हप्ता वाढवू शकते. २००७ पासून ओन डॅमेजचे दर मोकळे आहेत, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे नूतनीकरणाआधी जरूर ताडून पाहा. थर्ड पार्टीचा हप्ता मात्र यानं हलत नाही. तो मोटरच्या किलोवॉटवर ठरतो. २०२२ च्या दरपत्रकात ३० किलोवॉटपर्यंत १,७८० रुपये, ३० ते ६५ पर्यंत २,९०४, त्यावर ६,७१२. पेट्रोल गाड्यांपेक्षा तो १५ टक्क्यांनी कमी ठेवला होता.

देवासनाका_डेंटर

कागदाचं वर आलंच आहे. मी कामाचं सांगतो, कारण बिल का फुगतं हे कळलं तर कुठं अडवायचं तेही कळतं.

पोर्टपासून सुरुवात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत सीसीएस-२ नमुन्याचा (एसी आणि डीसी दोन्ही चार्जिंगचा) इनलेट आहे. वरच्या गोलात सात जागा: दोन छोट्या सिग्नलच्या, एक अर्थ, एक न्यूट्रल, तीन फेजच्या. सिंगल फेज गाडीत दोन फेजच्या जागा रिकाम्याच असतात, त्या पाहून घाबरू नका. खाली दोन जाड डीसी पिना. नासधुशीत सगळ्यात आधी मरतात त्या दोन छोट्या सिग्नल पिना. एकीवरून गाडी आणि चार्जर यांचं बोलणं चालतं, दुसरीवरून गाडीला कळतं की केबल लागली आहे. यातली एक वाकली किंवा तिच्यावर गोंदाचा थर बसला, तर बाकी सगळं ठणठणीत असूनही चार्जिंग सुरूच होत नाही.

घरी काय करू नये ते नीट ऐका. थिनर, पेट्रोल, एसीटोन अजिबात नाही, पिनांभोवतीचं प्लॅस्टिक तडकतं. टाचणी, स्क्रू ड्रायव्हर, ब्लेड नाही. गंज काढायचा स्प्रे नाही, त्याची तेलकट झिल्ली धूळ धरते. पाण्याचा पाइप तर नाहीच. गाडी बंद असताना डीसी पिनांवर व्होल्टेज नसावं, कारण मधले कॉन्टॅक्टर (वीज जोडणारे-तोडणारे स्विच) उघडे असतात. पण मीटर लावून पाहिल्याशिवाय तसं गृहीत धरून हात घालायचा नाही.

वर्कशॉपमध्ये याचा क्रम ठरलेला आहे. गाडी बंद, चावी लांब. १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची. मग हाय व्होल्टेजचा सर्व्हिस प्लग काढून तो काम करणाऱ्याच्याच खिशात किंवा कुलपात. कॅपॅसिटर उतरायला पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचं, साधारण ५ ते १० मिनिटं. १,००० व्होल्टचे हातमोजे घालून मीटरनं शून्य व्होल्टेजची खात्री. त्यानंतरच इनलेटला हात. परत जोडताना इन्सुलेशनची चाचणी. हे सगळं प्रशिक्षित माणसालाच करता येतं, म्हणून त्या एका तासाची मजुरी डेंटरच्या तासापेक्षा जास्त लागते. ती अवाजवी नाही. तिथं घासाघीस करू नका.

बऱ्याच गाड्यांत इनलेट सुटा मिळत नाही. पोर्टपासून ऑनबोर्ड चार्जर किंवा जंक्शन बॉक्सपर्यंतची नारंगी केबल एकाच पार्ट नंबरात येते. म्हणूनच नुसत्या वाकलेल्या पिनेचं बिल इतकं मोठं दिसतं. तरी सरळ "बदला" म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारा: पिनांचा संच वेगळा मिळतो का, आणि झाकण, त्याची स्प्रिंग, लॉकची मोटर वेगळी मिळते का. गोंद नुसता तोंडाशी असेल आणि पिना सरळ असतील तर कंपनीच्या माणसाकडून सफाई आणि चाचणी यांवरही काम भागू शकतं. तारा कापून इन्सुलेशन टेपनं जोडतो म्हणणारा कोणी भेटला तर गाडी तिथून उचला. नारंगी केबलला सांधा नसतो.

आता रेघ. नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर रेघ फक्त क्लिअर कोटमध्ये आहे. कारखान्याच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन, त्यात वरचा क्लिअर ४०-५०. अशी रेघ २,००० आणि मग ३,००० नंबरच्या पाणपेपरनं घासून पॉलिशवर निघते, मात्र आधी जाडी मोजायच्या यंत्रानं तपासून घ्या. नख अडकलं आणि तळाशी राखाडी दिसलं तर प्रायमरपर्यंत गेली. चकचकीत पत्रा दिसला तर पावसाळ्याआधी काम झालंच पाहिजे.

मोतिया पांढरा किंवा तिहेरी थराचा रंग असेल तर एक दार रंगवून भागत नाही, शेजारच्या पॅनेलवर रंग विरवत न्यावा लागतो. न लागलेल्या पॅनेलचे पैसे सर्व्हेअर सहसा मंजूर करत नाही. काम सुरू होण्याआधी हे बोलून घ्या, नाहीतर बिलावर सही करताना कळतं. मागचा फेंडर बोल्टचा नसतो, तो बॉडीचाच भाग असतो. तो जागेवरच रंगवायचा, बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. पोर्ट त्याच फेंडरवर असेल तर तो रंगासाठीही खोलावा लागतो, म्हणजे हाय व्होल्टेज बंद करण्याची मजुरी एकदाच लागायला हवी. दोन ओळींत दोनदा लावली असेल तर एक काटा.

बेकिंग ओव्हनचं जरूर विचारा. साध्या गाडीचा रंग ६० ते ८० अंशांवर भाजतात. ईव्हीच्या पोटात बॅटरी पॅक असतो आणि पुष्कळ गाड्यांच्या दुरुस्ती पुस्तिकेत ६० अंशांच्या आसपासची मर्यादा घालून दिलेली असते. म्हणून एकतर कमी तापमानावर वाळणारा क्लिअर वापरायचा, नाहीतर इन्फ्रारेड दिव्यानं एकेक पॅनेल. यात वेळ जास्त जातो. "टाकली ओव्हनमध्ये अर्धा तास" असं म्हणणाऱ्या दुकानात ईव्ही देऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो.

बंपरच्या कोपऱ्यात रडार असेल तर तिथं पुट्टी नको आणि रंगाचे जाड थरही नकोत. त्या भागापुरता बंपर नवा बसवलेला बरा.

सुदामानगर_०९

दोघांचेही मनापासून आभार. हार्नेसचं आणि टायरचं माहीतच नव्हतं.

पोलिसांचं कसं करावं? ठाण्यावर "अदम चेक काटून देतो" म्हणाले. तेवढ्यावर क्लेम होईल का? बिल्डिंगमधले एक काका म्हणतात की पोलिसांचा ताप नको, "गाडी खांबाला घासली" असं लिहून मोकळे व्हा.

रामबाग_ताई

काकांचं ऐकू नका. खांबाला घासल्यानं पोर्टमध्ये गोंद जात नाही आणि टायर बाजूनं कापलं जात नाही. किल्लीची रेघ बारीक, नागमोडी आणि थोडीफार एकाच उंचीवर असते. खांबाची खूण रुंद असते आणि तिच्यात चुना-रंग चिकटलेला असतो. सर्व्हेअर रोज दोन्ही पाहतो. खोटं कारण सापडलं तर अख्खा क्लेम जातो, आणि पुढच्या कंपनीसमोरही ते लपत नाही.

आता अदम चेकचं. मध्य प्रदेशात अदखलपात्र तक्रारीची नोंद त्या नावानं होते. नुकसान किती रुपयांचं हे सांगितलंच नाही तर ठाण्यावर तेवढंच होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ रकमेवर चालतं. २०,००० ते १ लाखाच्या आत नुकसान असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद, तरी गुन्हा अदखलपात्र. १ लाख किंवा त्यावर गेलं की पोटकलम ५ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद आणि गुन्हा दखलपात्र. वर धरलेला आकडा १,०५,००० आहे, चार्जरची केबल त्यात धरलेलीही नाही. म्हणून आधी वर्कशॉपचं सही-शिक्क्याचं एस्टिमेट घ्या, मग तेच अर्जाला जोडून ठाण्यावर जा.

दुसरं, केबल नुसती कापली नाही, नेली. ती चोरी आहे, कलम ३०३. मालाची किंमत ५,००० च्या आत असली तर तो किरकोळ प्रकार धरला जातो, त्याहून जास्त असली तर सरळ दखलपात्र. चार्जरचं मूळ बिल जोडा. अर्जात नासधूस आणि चोरी दोन्ही लिहा, तारीख, अंदाजे वेळ, जागा, पॅनेलनिहाय नुकसान आणि रक्कम. कोणावर संशय असला तर "संशय आहे" एवढंच लिहा, आरोप ठामपणे करू नका.

एवढं करूनही अदम चेकच मिळाला तर तो घ्याच. विमा कंपनीला लेखी पोलीस नोंद लागते, आणि अशा क्लेममध्ये तीही पुष्कळदा चालते. एफआयआर हवीच असा हट्ट कंपनीनं धरला तर पॉलिसीतली अट कुठली, ते लेखी विचारा.

सीसीटीव्ही आजच उतरवून घ्या. बहुतेक डीव्हीआर काही दिवसांत जुन्यावरच नवं लिहितात. डीव्हीआरच्या घड्याळाचा आणि तुमच्या मोबाइलच्या वेळेचा फरक कागदावर नोंदवा. फुटेज पुढं कोर्टात लागलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यावर सोसायटीत डीव्हीआर ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही लागते.

तारजोडणी

केबलबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

गाडीच्या पॉलिसीत गाडी आणि "गाडीवर असलेली" ॲक्सेसरी येते. डिकीतला १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर चोरीला गेला असता तर मागता आला असता. भिंतीला ठोकलेला चार्जर गाडीवर नाही, त्यामुळे तो त्यात बसत नाही. काही कंपन्या चार्जरसाठी वेगळं ॲड-ऑन देतात, तुमच्याकडे नसावं. घराचा विमा असेल तर तो काढून वाचा. १ एप्रिल २०२१ पासून चालू असलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत दुष्ट हेतूनं केलेलं नुकसान येतं. पण तळपार्किंगमधल्या भिंतीवरचा चार्जर तुमच्या घरात धरला आहे का, ते कंपनीकडून लेखी घ्या. सोसायटीच्या मालकीचा चार्जर असेल तर तो सोसायटीच्या पॉलिसीत घालायला हवा, आणि ते सभेच्या ठरावानंच करा.

नवी केबल लावताना: सिंगल फेज ३२ अँपिअरला ६ चौरस मिलिमीटरच्या तीन तारा आणि सिग्नलच्या बारीक तारा असलेली, ईव्हीसाठीच बनवलेली केबल लागते. गन आणि केबल एकत्रच घ्या. उरलेल्या तुकड्याला जोड देऊ नका. सांध्याचा रोध वाढतो, ३२ अँपिअर तासन्‌तास वाहतात, सांधा वितळतो. सिग्नलच्या तारेत तर जोडामुळं चार्जर मधेच थांबत राहतो.

तुटलेलं टोक लोंबत आहे म्हणून आधी चार्जरचा एमसीबी पाडा. गाडी जोडलेली नसेल तर चार्जरच्या आतला कॉन्टॅक्टर उघडाच असतो, टोकाला वीज नसते. पण केबल कापताना चार्जरचं खोकं ओढलं गेलं असेल तर आतला अर्थ निसटलेला असू शकतो. खोकं उघडून ते पाहा, आणि ३० मिलिअँपिअरचा लीकेज ब्रेकर टेस्ट बटणानं पडतो का तेही.

पुढची काळजी: तांब्यासाठी कापणारा माणूस लटकणारी केबल पाहतो. रात्री चार्जिंग झाल्यावर केबल काढून कुलपाच्या पेटीत जाईल अशी, म्हणजे सॉकेटवाला चार्जर आणि सुटी केबल, ही रचना मला जास्त पटते. वर हालचालीवर पेटणारा दिवा. डॅशकॅमचा पार्किंग मोड लावाल तर कमी व्होल्टेजला बंद होणारं किट घ्या. १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही ईव्ही उठत नाही.

गेर_राजवाडा

एक जोड. रंगपंचमीला गेरीच्या (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या) वाटेवर उभ्या ईव्हीची हीच गत होते, कोणाचा वाईट हेतू नसतानाही. गुलाल आणि पाणी मिळून पोर्टमध्ये थर बसला की दोन पिनांमध्ये इन्सुलेशन कमी होतं. डीसी चार्जर सुरुवातीलाच इन्सुलेशन तपासतो आणि चार्जिंग नाकारतो. त्या दिवशी गाडी राजवाड्याकडे नेऊच नका, नेलीत तर झाकणाच्या कडेला टेप लावा.

सुदामानगर_०९

रामबाग ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे अर्ज केला. एस्टिमेट आणि चार्जरचं बिल दोन्ही जोडलं.

आणखी दोन शंका. एक, परदेशात टेस्लाच्या गाड्यांची तोडफोड झाली तेव्हा "ईव्हीचे हप्ते दुप्पट होणार" असं वाचलं होतं, तसं इथं होईल का? दोन, गाडी वर्कशॉपला कशी न्यावी?

क्लेमचा_कागद

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत टेस्लाच्या गाड्या, शोरूम आणि चार्जर जाळले-फोडले गेले. मार्चमध्ये लास व्हेगासच्या त्यांच्या दुरुस्ती केंद्रातही आग लावली होती. तो रोष एका कंपनीच्या मालकावरचा होता. तिथं नासधूस "कॉम्प्रिहेन्सिव्ह" नावाच्या वेगळ्या कव्हरमध्ये येते. ते घेतलेलं नसेल तर काही मिळत नाही, आणि त्याची डिडक्टिबल मालक स्वतः निवडतो. आपल्याकडे पॅकेजमध्येच सगळं येतं. तिथल्या बातमीवरून इथला हप्ता मोजू नका. इथं तुमचा हप्ता हलवणाऱ्या गोष्टी तीन: एनसीबी, आयडीव्ही आणि त्या मॉडेलच्या भागांची किंमत.

एक भेद मात्र लक्षात ठेवा. कोणी गाडी पेटवायचा प्रयत्न केला आणि आग पॅकजवळ पोचली, तर बिल आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढं सहज जातं आणि गाडी टोटल लॉस धरली जाते. मग मिळते ती आयडीव्ही, गाडीची मूळ किंमत नव्हे. दोन ते तीन वर्षांच्या गाडीची आयडीव्ही ठरवताना ३० टक्के घसारा धरतात. नूतनीकरणाला कमी हप्त्यासाठी आयडीव्ही पाडून घेणारे इथंच मार खातात. झिरो डेपही तेव्हाच घ्या. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला सहसा मिळतो, वर्षात किती क्लेम चालतात ते वाचून.

घसाऱ्यावरून अडलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल. मध्य प्रदेशासाठी कार्यालय भोपाळला आहे, फी नाही, वकील लागत नाही.

देवासनाका_डेंटर

गाडी फ्लॅटबेडवरच. पुढची किंवा मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरते आणि वीज तयार करते. पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स असेल तर फ्लॅटबेड हवा असं फोनवरच सांगा, नाहीतर हूकवाली क्रेन येते. डावी दोन्ही टायरं बसलेली आहेत, तर चढवताना चाकाखाली डॉली (छोट्या चाकांची ढकलगाडी) लावायला सांगा. रिमवर ओढून पट्टा पॅकच्या कडेला घासला तर ते नुकसान नासधुशीच्या क्लेममध्ये बसत नाही.

टायर बदलताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतं तो आकडा) जुन्यापेक्षा कमी नको, ईव्ही जड असते. पुढचं एक आणि मागचं एक नवं होणार, मग दुसऱ्या बाजूच्या टायरची खाच मोजा. फरक ३ मिलिमीटरच्या वर असेल तर जोडीचं टायरही बदला. ते मात्र तुमच्या खिशातून.

गाडी घ्यायला जाल तेव्हा हे तपासल्याशिवाय सही करू नका. जुने भाग दाखवायला सांगा. स्कॅनरचा कागद, ज्यात हाय व्होल्टेजचा एकही फॉल्ट उरलेला नाही. इन्सुलेशनचा आकडा: एआयएस-०३८ (ईव्हीच्या सुरक्षेचं भारतीय मानक) प्रमाणे डीसीला किमान १०० ओहम प्रति व्होल्ट, पण चांगल्या गाडीत तो मेगाओहममध्ये असतो. किमान आकड्याच्या जवळ असेल तर परत तपासायला लावा. मग चार्जिंग तिन्ही प्रकारे, १५ अँपिअर, ७.२ किलोवॉट आणि डीसी, प्रत्येकी निदान वीस मिनिटं. दर वेळी गन लॉक होते का, सुटते का, आणि पोर्टची कड हाताला जास्त गरम लागते का ते पाहा. डीसीची चाचणी वर्कशॉपच्या आवारात नसेल तर त्यांच्याच माणसाला घेऊन जवळच्या स्टेशनवर जा. तिथं चार्जिंग तुटलं तर गाडी तिथूनच परत वर्कशॉपला.